ठोक्यामागून ठोका: रक्तदाब आणि आर-आर अंतरावरून बॅरोरिफ्लेक्सची संवेदनशीलता कशी काढायची

पंगतीत मांडी घालून तासभर बसलेला माणूस एकदम उठला की क्षणभर त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, हात आपोआप भिंतीकडे जातो, आणि दोन-तीन श्वासांत सगळं पूर्ववत होतं. तेवढ्या वेळात शरीर बरंच काम उरकतं. उभं राहताच अर्धा लीटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, दाब पडतो. मानेतली कॅरोटिड धमनी जिथे दुभंगते तिथे आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारे चेतातंतू असतात, तेच बॅरोरिसेप्टर. त्यांच्यावरचा ताण कमी झाल्याची बातमी नवव्या आणि दहाव्या क्रेनियल नर्व्हमधून मेंदूच्या तळाशी असलेल्या मेडुलात पोचते. व्हेगसने (हीच ती दहावी नर्व्ह) हृदयावर ठेवलेला लगाम सैल होतो, ठोके जवळजवळ पडू लागतात, आणि थोड्या उशिराने सिम्पथेटिक चेता रक्तवाहिन्या आवळतात. दाब सावरतो. दाब वाढला की हेच उलट दिशेने घडतं. हाच बॅरोरिफ्लेक्स.

बॅरोरिफ्लेक्स सेन्सिटिव्हिटी, रोजच्या बोलण्यात बीआरएस, म्हणजे या यंत्रणेच्या हृदयाकडच्या हाताची ताकद. वरचा दाब १ मिमी पाऱ्याने वाढला तर दोन ठोक्यांमधलं अंतर (ईसीजीवर एका टोकदार आर शिखरापासून पुढच्यापर्यंत मोजतात, म्हणून आर-आर अंतर) किती मिलिसेकंदांनी वाढतं, एवढाच प्रश्न. उत्तर 'मिलिसेकंद प्रति मिमी पारा' या एककात येतं. निरोगी तरुण माणूस आडवा पडलेला असताना ते साधारण १० ते २० च्या घरात असतं, वयाबरोबर उतरतं, आणि दीर्घकाळचा मधुमेह, हार्ट फेल्युअर, उच्च रक्तदाब यांत आणखी खाली जातं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अट्रामी अभ्यासात हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १,२८४ रुग्णांचा पाठपुरावा केला होता. बीआरएस ३ पेक्षा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका स्पष्टपणे जास्त दिसला. या आकड्याला दवाखान्यात वजन आलं ते मुख्यतः त्या अभ्यासाने.

हा लेख शरीरक्रियाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी, बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या मुलामुलींसाठी आणि हाती पहिल्यांदाच असं रेकॉर्डिंग आलेल्या कुणासाठीही आहे. आकडेमोडीपेक्षा रेकॉर्डिंग आणि साफसफाईवर मी जास्त लिहिणार आहे, कारण या कामात चुका तिथेच होतात. सूत्रं दोन ओळींची आहेत, सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि कुठलीही फाइल दिली तरी ते एक आकडा काढून देतं. तो आकडा बॅरोरिफ्लेक्सचा आहे की नाही, हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही.

औषध देऊन की न देता?

मूळ पद्धत औषधाची. १९६९ मध्ये ऑक्सफर्डच्या स्मिथ, स्लाइट आणि पिकरिंग यांनी शिरेतून अँजिओटेन्सिन देऊन दाब चढवला आणि प्रत्येक ठोक्याचं अंतर त्या चढत्या दाबासमोर मांडलं. पुढे अँजिओटेन्सिनच्या जागी फिनाइलएफ्रिन आलं. आता सुधारित ऑक्सफर्ड पद्धतीत आधी नायट्रोप्रुसाइडने दाब पाडतात आणि लगेच फिनाइलएफ्रिनने चढवतात. आपण बाहेरून दाब हलवलेला असल्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता याबद्दल शंका उरत नाही. पण शिरेत सुई, डॉक्टरांची सतत हजेरी आणि एथिक्स कमिटीची परवानगी हे सगळं लागतं.

दुसरा मार्ग म्हणजे माणसाला नुसतं शांत पडू द्यायचं. रक्तदाब तरीही स्थिर नसतो. श्वासाबरोबर तो हलतो, आणि शिवाय साधारण दर १० सेकंदांनी एक संथ लाट येते. तिला मेयर लाट म्हणतात, कारण १८७६ मध्ये सिगमुंड मेयर यांनी तिचं वर्णन केलं. या आपोआप होणाऱ्या चढउतारांना हृदय कसं उत्तर देतं ते पाहून बीआरएसचा अंदाज बांधायचा. पुढचं सगळं या दुसऱ्या मार्गाबद्दल आहे. 'अंदाज' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे.

काय लागेल

ईसीजी आणि ठोक्या-ठोक्याचा रक्तदाब, दोन्ही एकाच घड्याळावर. दंडाला पट्टा बांधून दोन मिनिटांनी एक आकडा देणारं घरचं बीपी मशीन इथे उपयोगाचं नाही. तुमच्याकडे तेवढंच असेल तर या वाटेला जाऊ नका, त्याऐवजी ईसीजीवरून एचआरव्ही, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतराचे चढउतार मोजणं, नीट शिका. ठोक्या-ठोक्याचा दाब सुई न टोचता मिळतो तो बोटावरच्या छोट्या पट्ट्यातून. ही कल्पना चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरातल्या यान पेन्याझ यांची. बोटातल्या धमनीचं आकारमान इन्फ्रारेड प्रकाशाने मोजत राहायचं, आणि ते बदलू नये इतकाच दाब पट्ट्यात क्षणोक्षणी देत राहायचा. मग पट्ट्यातला दाब म्हणजेच धमनीतला दाब.

ईसीजीचा सॅम्पलिंग रेट आधी तपासा. २५० हर्ट्झवर दोन सॅम्पलमध्ये ४ मिलिसेकंदांचं अंतर असतं, आणि पुढे सीक्वेन्स पद्धतीत (जिच्यात दाब आणि अंतर सलग काही ठोके एकत्र चढतात किंवा उतरतात अशा साखळ्या शोधायच्या) आपण 'निदान ४ मिलिसेकंदांचा बदल' अशीच अट लावणार आहोत. मोजपट्टीची एक रेघ आणि मोजायची वस्तू एकाच जाडीची असली तर काय होणार? ५०० हर्ट्झ चालतं, १,००० असलं तर उत्तम. जुनी २५० हर्ट्झची फाइल वापरावीच लागली तर आर शिखराच्या आजूबाजूच्या तीन बिंदूंतून पॅराबोला बसवून शिखराची वेळ बारकाईने काढा.

माणूस आणि खोली

रेकॉर्डिंगच्या आधी दोन-तीन तास जेवण नको, चहा-कॉफी नको, तंबाखू नको. आपल्याकडे इथे एक प्रश्न वेगळा विचारावा लागतो. "तंबाखू खाता का?" याला "नाही" म्हणणाऱ्या मावशी सकाळी मशेरी लावून आलेल्या असतात, आणि ती तंबाखूच असते हे त्यांच्या मनातही येत नाही. म्हणून "मावशी, आज मशेरी लावलीत का?" असं नाव घेऊनच विचारा. औषधांची यादी लिहून घ्या, बीटा ब्लॉकर असेल तर ठळक लिहा. ती औषधं बीआरएस वाढवतात.

प्रयोगशाळेतला एसी बेताचा ठेवा. बोटं गार पडली की तिथल्या धमन्या आकसतात आणि दाबाची लाट बसकी दिसते. हात गरम कापडात गुंडाळून दहा मिनिटं ठेवला की बहुतेक वेळा काम होतं. पट्टा मधल्या किंवा अनामिका बोटाच्या मधल्या पेरावर, ना सैल ना घट्ट. हात हृदयाच्या पातळीवर, उशीवर टेकवलेला. हात १० सेंटिमीटर खाली असेल तर दाब जवळपास ८ मिमीने जास्त दिसतो. नवखे लोक याला घाबरतात, पण आपल्या कामाला त्याने विशेष बाधा येत नाही, कारण आपल्याला बदलाशी बदल ताडून पाहायचा आहे आणि सगळ्याच ठोक्यांत ८ मिमी मिसळले तरी उतार तोच राहतो. घात होतो तो रेकॉर्डिंग चालू असताना हात हलला तर. म्हणून हात आधी आरामात ठेवा आणि मगच बटण दाबा.

आडवं पडून १० मिनिटं विश्रांती, मग निदान ५ मिनिटं रेकॉर्डिंग. जमलं तर १०. त्यानंतर उभं करून पुन्हा तेवढंच. उभ्याचं रेकॉर्डिंग गाळू नका, शेवटी त्याचा मोठा उपयोग आहे.

श्वासाकडे डोळा ठेवा. मिनिटाला १५ श्वास म्हणजे ०.२५ हर्ट्झ, आणि ते ठीक. पण रोज प्राणायाम करणारी व्यक्ती "शांत पडा" म्हटल्यावर आपसूक मिनिटाला सहा श्वासांवर येते. सहा श्वास म्हणजे ०.१ हर्ट्झ, बरोबर मेयर लाटेच्या जागी. तेव्हा दाब आणि आर-आर अंतर दोन्ही मोठ्या, सुबक लाटांत झुलतात, आलेख देखणा येतो आणि बीआरएस फुगलेला निघतो. संथ श्वासाने बीआरएस खरोखरही वाढतो, पण तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये खरी वाढ किती आणि श्वासाची थेट ओढ किती, हे नंतर वेगळं करता येत नाही. छातीला श्वासाचा पट्टा बांधा. तो नसेल तर शेजारी बसून श्वास मोजा आणि वहीत लिहा.

आता यंत्राबद्दल एक गोष्ट, जी मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. बोटाच्या पट्ट्याची यंत्रं स्वतःला जुळवून घेण्यासाठी मधूनमधून थांबतात. दोन-तीन ठोके दाबाची रेघ सपाट होते, मग लाट पुन्हा सुरू होते. सुरुवातीला हे दर १० ठोक्यांनी होतं, स्थिरावल्यावर ७० ठोक्यांपर्यंत लांबतं. माझ्या पहिल्या पाच रेकॉर्डिंगमध्ये मी हे बंद केलं नव्हतं. शिखरं शोधणाऱ्या माझ्या प्रोग्रामने त्या सपाट जागा मुकाट्याने भरून काढल्या आणि मला दर मिनिटाला एक नेटका उतार मिळू लागला. मी दोन दिवस ते आकडे खरे समजत होतो. तिसऱ्या दिवशी मूळ लाट पडद्यावर मोठी करून पाहिली तेव्हा उमगलं, आणि पाचही जणांना पुन्हा बोलवावं लागलं. यंत्र आधी पूर्ण स्थिरावू द्या, मग मोजणीच्या ५ मिनिटांपुरतं हे जुळवणं बंद करा, आणि झाल्यावर आठवणीने चालू करा.

दोन रांगा तयार करणं

ईसीजीतून प्रत्येक आर शिखराची वेळ, दाबातून प्रत्येक ठोक्याचं शिखर. त्यातून दोन रांगा बनतात: आर-आर अंतरांची आणि वरच्या दाबांची. आता जोडी कुणाची कुणाशी लावायची?

आकडे घालून पाहू. नाडी मिनिटाला ६० असेल तर आर-आर अंतर १,००० मिलिसेकंद. आर नंतर साधारण पाव सेकंदाने, बोटावर आणखी थोड्या उशिराने, दाबाचं शिखर येतं. पुढचा आर यायला अजून ६००-७०० मिलिसेकंद असतात. व्हेगस चपळ आहे, अर्ध्या सेकंदाच्या आसपास त्याचा परिणाम दिसू लागतो. म्हणजे ज्या अंतराच्या पोटात ते शिखर आलं, तेच अंतर लांबू शकतं. ही शून्य ठोक्याची जोडी. नाडी १०० असेल तर अंतरच ६०० मिलिसेकंदांचं, शिखरानंतर जेमतेम ३०० उरतात, उत्तर पुढच्या ठोक्यात जातं. ही एका ठोक्याची जोडी. आडव्या माणसासाठी शून्याने सुरुवात करा, वेगवान नाडीला एक करून पाहा, आणि कोणती वापरली ते लिहून ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये रांगेचा पहिला घटक ० धरला की १, यावरून एका ठोक्याची गफलत फार सहज होते. म्हणून पहिल्या दहा ठोक्यांची जोडी कागदावर छापून, मूळ लाटेशेजारी ठेवून, बोटाने ताडून पाहा.

आर-आर अंतराचं नाडीच्या दरात रूपांतर करू नका. दोघांचं नातं सरळ रेषेचं नाही. नाडी ६० ची ६१ झाली तर अंतर १६ मिलिसेकंदांनी घटतं, १०० ची १०१ झाली तर फक्त ६ ने. एकाला अंतर आणि दुसऱ्याला दर वापरून तुलना केली तर निष्कर्षच फिरू शकतो.

साफसफाई

अवेळी पडलेला ठोका, म्हणजे एक्टोपिक, त्याच्या आधी अंतर आखूड आणि नंतर लांब करून जातो, आणि दाबही हलवतो. हा बॅरोरिफ्लेक्स नव्हे. असे ठोके डोळ्यांनी पाहून खूण करा, शेजारचे एक-दोन ठोकेही त्यांच्यासोबत काढा.

काढलेल्या जागेचं काय करायचं हे पद्धतीवर अवलंबून आहे, आणि ही गोष्ट पुस्तकांत क्वचित सांगितलेली असते. सीक्वेन्स पद्धतीसाठी ती जागा रिकामी सोडा. सरळ रेषेने भरली तर काय होईल बघा: दोन्ही रांगांत एकेक सरळ चढण तयार होते, दोघींचा सहसंबंध अगदी १, आणि तुमच्या प्रोग्रामला ती सगळ्यात उत्तम साखळी वाटते. स्पेक्ट्रमच्या पद्धतीला, जी ठोक्यांऐवजी लाटा मोजते, मात्र अखंड रांग लागते, तिथे थोडी भरणी करावीच लागते. शंभरातले पाचहून अधिक ठोके भरावे लागत असतील तर तो तुकडा सोडून दुसरा घ्या. एट्रियल फिब्रिलेशन असेल किंवा पेसमेकरच ताल देत असेल तर हे गणित लागूच होत नाही, तिथे थांबा.

सीक्वेन्स पद्धत, आधी हाताने

ही पद्धत १९८० च्या दशकात मिलानमधल्या गटाने, बर्टिनिएरी, दि रिएंझो, पराती, मांचिया यांनी घडवली. अट सोपी आहे. सलग तीन किंवा जास्त ठोक्यांत वरचा दाब प्रत्येक ठोक्याला निदान १ मिमीने चढत जावा आणि त्यांच्या जोडीची आर-आर अंतरंही प्रत्येक ठोक्याला निदान ४ मिलिसेकंदांनी (काही जण ५ किंवा ६ घेतात) लांबत जावीत. किंवा दोन्ही तशीच उतरत जावीत. अशी साखळी सापडली की दाबासमोर अंतर मांडून सरळ रेषा बसवायची. सहसंबंध ०.८५ किंवा वर असेल तर तिचा उतार धरायचा. अशा सगळ्या उतारांची सरासरी म्हणजे बीआरएस.

एक साखळी वहीत सोडवून पाहा. समजा लागोपाठच्या चार ठोक्यांचे दाब ११८, १२०, १२३, १२५ आहेत आणि अंतरं ८४२, ८७०, ८९२, ९२१. दाबाच्या पायऱ्या २, ३, २, सगळ्या १ च्या वर. अंतराच्या पायऱ्या २८, २२, २९, सगळ्या ४ च्या वर. साखळी पात्र ठरली. दाबाची सरासरी १२१.५. तिच्यापासूनचे फरक −३.५, −१.५, १.५, ३.५, त्यांच्या वर्गांची बेरीज २९. अंतराची सरासरी ८८१.२५, फरक −३९.२५, −११.२५, १०.७५, ३९.७५. जोडीजोडीने गुणून बेरीज केली की ३०९.५. भागिले २९, उतार १०.७ मिलिसेकंद प्रति मिमी पारा. सहसंबंध ०.९९. नुसती दोन टोकं घेऊन ७९ भागिले ७ केलं असतं तर ११.३ आलं असतं. फरक छोटा आहे, पण सरळ रेषा बसवणं म्हणजे टोकांना जोडणं नव्हे हे एकदा हाताने केल्यावर विसरायला होत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी प्रोग्राम लिहू देण्याआधी अशा पाच साखळ्या वहीत करायला लावतो. नंतर प्रोग्राम चुकला की त्यांना लगेच वास येतो.

पाच मिनिटांत अशा साखळ्या किती मिळतील? तरुण, निरोगी माणसात बऱ्याच. वयस्कर माणसात किंवा मधुमेहाने चेता बिघडलेल्या माणसात दोन-तीन, कधी एकही नाही. पाचपेक्षा कमी साखळ्यांवर काढलेल्या सरासरीवर मी स्वतः विसंबत नाही. आणि एकही न मिळाल्यास बीआरएस शून्य असं लिहू नका. 'काढता आला नाही' आणि 'शून्य आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सेलच्या रकान्यात ० टाकला की तो सरासरीत जाऊन बसतो आणि पुढे कुणाच्याच लक्षात येत नाही.

सोबत आणखी एक आकडा काढा, फुकटात मिळतो. दाबाच्या एकूण चढण-उतरणी किती होत्या, आणि त्यांपैकी किती ठिकाणी अंतराने साथ दिली? हा परिणामकारकता निर्देशांक, म्हणजे बीईआय, २००१ मध्ये दि रिएंझो यांनीच मांडला. निरोगी माणसातही तो साधारण पाचव्या हिश्शाएवढाच असतो. म्हणजे दाब चढला की दर वेळी हृदय उत्तर देतंच असं नाही. ते इतरही ठिकाणांहून हुकूम घेत असतं.

स्पेक्ट्रमची पद्धत

इथे ठोके मोजण्याऐवजी लाटा मोजायच्या. दोन्ही रांगा ठोक्यांच्या वेळांवर आहेत आणि ठोके समान अंतरावर पडत नाहीत, म्हणून आधी दोन्ही क्युबिक स्प्लाइनने सेकंदाला ४ बिंदूंवर आणा. संथ उतरण-चढण काढून टाका. मग वेल्च पद्धतीने स्पेक्ट्रम: २५६ बिंदूंचे, म्हणजे ६४ सेकंदांचे तुकडे, एकमेकांवर निम्मे चढलेले, हान विंडो. पायथॉनच्या सायपाय लायब्ररीत हे तयार आहे.

१९९६ च्या टास्क फोर्सच्या एचआरव्ही नियमावलीप्रमाणे लो फ्रीक्वेन्सी पट्टा ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ, हाय फ्रीक्वेन्सी ०.१५ ते ०.४. अल्फा निर्देशांक म्हणजे एखाद्या पट्ट्यातली आर-आरची शक्ती भागिले दाबाची शक्ती, आणि त्याचं वर्गमूळ. समजा लो फ्रीक्वेन्सीत आर-आरची शक्ती ७८४ आणि दाबाची ६.२५ आली. वर्गमुळं २८ आणि २.५, भागाकार ११.२. एकक आपोआप मिलिसेकंद प्रति मिमी पारा येतं.

पण वर्गमुळाला दिशा कळत नाही. दाब आणि अंतर एकमेकांशी काही संबंध न ठेवता झुलत असतील तरीही भागाकार होतोच. म्हणून कोहेरन्स पाहायचा: त्या फ्रीक्वेन्सीला दोन्ही लाटा कितपत एकमेकींना धरून आहेत, ० ते १ मध्ये. रूढ सीमा ०.५. इथे दोन सापळे आहेत. पहिला, स्पेक्ट्रम एकाच तुकड्यावर काढला तर कोहेरन्स सगळीकडे बरोबर १ येतो. ते यश नव्हे, गणिताची अपरिहार्यता आहे. दुसरा, ०.५ ही काही दगडावरची रेघ नाही. पाच स्वतंत्र तुकडे असतील तर योगायोगाने ९५ टक्के वेळा कोहेरन्स ०.५३ च्या खाली राहतो, तुकडे वाढले की ही सीमा खाली सरकते. आपल्याकडे तुकडे किती आहेत ते पाहून सीमा ठरवा.

फेज पाहणं मला कोहेरन्सइतकंच महत्त्वाचं वाटतं. ०.१ हर्ट्झच्या आसपास दाबाची लाट पुढे आणि आर-आरची मागे हवी. मागे राहण्याचं प्रमाण साधारण ६० अंश, म्हणजे १० सेकंदांच्या लाटेत सुमारे पावणेदोन सेकंद. उलट क्रम दिसला तर आधी आपली जोडी चुकली का ते बघा. जोडी बरोबर असूनही उलट असेल तर लक्षात घ्या की हृदयही दाब हलवतं: अंतर लांबलं की हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरकस पडतो, पण त्याच वेळी धमनीतून रक्त ओसरायला जास्त वेळ मिळतो. ही उलटी वाट नेहमीच चालू असते. म्हणूनच ट्रान्सफर फंक्शनची पद्धत, जिच्यात दोन्ही रांगांचा क्रॉस स्पेक्ट्रम दाबाच्या स्पेक्ट्रमने भागतात, मला नुसत्या अल्फापेक्षा भरवशाची वाटते. तिच्यात परस्परांशी नातं नसलेला भाग गळून जातो, त्यामुळे तिचा आकडा अल्फापेक्षा नेहमीच कमी किंवा फार तर तेवढाच येतो. तुमच्या प्रोग्राममध्ये तो त्याच फ्रीक्वेन्सीला जास्त आला तर प्रोग्राम चुकला आहे.

हाय फ्रीक्वेन्सीचा आकडा काढा, पण त्याला बॅरोरिफ्लेक्स म्हणण्याआधी दहादा विचार करा. श्वासाबरोबर हृदयाची गती मेंदूतूनच थेट बदलते, दाबाची वाट न पाहता. नवख्यांनी लो फ्रीक्वेन्सीवर राहावं.

याशिवाय २००४ मध्ये वेस्टरहॉफ यांनी मांडलेली क्रॉस-कोरिलेशनची पद्धत आहे. १० सेकंदांची खिडकी सरकवत नेऊन ० ते ५ सेकंदांच्या विलंबांपैकी कुठे नातं सगळ्यात घट्ट आहे ते ती स्वतः शोधते. सीक्वेन्स जिथे कोरडी पडते तिथे हिला आकडे मिळतात. वरच्या दोन पद्धती हातात बसल्या की हिच्याकडे वळा.

आलेल्या आकड्याचं काय करायचं

एकाच माणसाच्या एकाच रेकॉर्डिंगवर सीक्वेन्सने १३, अल्फाने ११ आणि ट्रान्सफर फंक्शनने ९ येऊ शकतं, आणि तिन्ही बरोबर असू शकतात. म्हणून एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या सीमारेषेला लावू नये. अट्रामीचा ३ हा आकडा फिनाइलएफ्रिनच्या पद्धतीचा आहे. तो तुमच्या अल्फासमोर ठेवून समोरच्या काकांना "तुमचं हृदय धोक्यात आहे" असं सांगणं हा अन्याय होईल. काकांना त्या रात्री झोप लागणार नाही, आणि आपल्याकडे त्याला आधारही नाही.

अहवालात किंवा प्रबंधात निदान एवढं यायलाच हवं: पद्धत, किती मिमी आणि किती मिलिसेकंदांची अट, सहसंबंधाची सीमा, किती ठोक्यांची जोडी, किती साखळ्या सापडल्या, किंवा कोणता पट्टा, किती तुकडे, कोहेरन्सची सीमा. शिवाय माणूस आडवा होता की उभा, मिनिटाला किती श्वास, कोणती औषधं. यातलं काही वगळलं तर दुसऱ्याला तो आकडा वापरता येत नाही.

आपली सगळी साखळी, पट्ट्यापासून प्रोग्रामपर्यंत, नीट चालते का हे पाहायला उभ्याचं रेकॉर्डिंग हाताशी आहे. निरोगी माणूस उभा राहिला की व्हेगसचा जोर ओसरतो आणि बीआरएस ठळकपणे उतरतो, बहुधा निम्म्याच्या आसपास. तुमच्या दहा स्वयंसेवकांत आडवा आणि उभा आकडा सारखाच येत असेल तर रुग्णांकडे वळू नका, मागे जाऊन जोडी आणि साफसफाई तपासा.

दुसरी कसोटी युरोबावार अभ्यासाची. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात २१ जणांची आडवी आणि उभी रेकॉर्डिंग युरोपातल्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांना देऊन प्रत्येकीने आपापल्या पद्धतीने बीआरएस काढला होता. ही रेकॉर्डिंग संशोधकांना खुली ठेवलेली आहेत, म्हणजे स्वतःचं यंत्र येण्याआधीच सराव सुरू करता येतो. त्या २१ जणांत दोघे असे आहेत की ज्यांच्या हृदयापर्यंत बॅरोरिफ्लेक्सचा निरोप पोचतच नाही: एकाच्या हृदयाच्या चेता मधुमेहाने बिघडलेल्या, दुसऱ्याचं हृदयरोपण नुकतंच झालेलं, त्यामुळे ते हृदय चेतांपासून तुटलेलं. कोणत्या फाइल्स त्यांच्या आहेत हे आधी न पाहता सगळ्या ४२ रेकॉर्डिंगवर प्रोग्राम चालवा. त्या दोघांच्या फाइल्सवरही तो ८ किंवा १० असा निर्धास्त आकडा देत असेल, तर आलेखाची खिडकी उघडा, लाट मोठी करा आणि पहिल्या ठोक्यापासून पुन्हा बघायला लागा.